जाताना पावणेपाच, येताना साडेपाच

तीन हजार सातशे साठ किलोमीटर.
मी मोजलेले नाहीत.
मोजणार कशाने, मध्ये नुसतं पाणी,
खूण करायला एक खडक नाही.
मातावेरीच्या धावपट्टीपासून सांतियागोच्या धावपट्टीपर्यंत
कागदावर असं लिहून आलंय, आम्ही मानतो.

अंतर जाताना तेवढंच, येताना तेवढंच.
वेळ मात्र नाही.
जाताना वारा पाठीशी, पावणेपाच तास.
येताना तोच छातीवर घेऊन साडेपाच.
वारा पहिल्यापासून मुख्यभूमीला फितूर,
असं हवामान खात्यातला म्हातारा पाकाराती म्हणतो
आणि नोंदवहीचं पान उलटतो.

मेराही गुरुवारच्या विमानाने गेली.
सातवा महिना, पोटात दोन.
बेटावरचा डॉक्टर दोन ठोके ऐकले की
औषधाचा नाही, तिकिटाचा कागद लिहायला घेतो.
तिच्याबरोबर चढले
थर्माकोलच्या खोक्यांतले ट्यूना, कुणाचे अननस.
त्याच विमानातून तासाभरापूर्वी उतरले होते
मोटरसायकलचे टायर, पडद्याच्या सळ्या,
आणि एका बाईनं अख्खी वाट मांडीवर सांभाळलेली अंडी.

मी अग्निशमनाच्या लाल गाडीवर असतो.
आग लागायची वाट पाहायची
आणि नाही लागली की घरी जायचं, हे माझं काम.
त्याआधी धावपट्टीवरचे घोडे हाकलायचे.
खिडकीतून तिनं मला पाहिलं असेल तर
हॉर्न वाजवत एका तांबड्या घोडीमागे फिरताना.
घोडी हटेना.
गाभण होती की नुसतीच चरून फुगलेली, कोण जाणे.

विमान उडालं की दोन तास वीस मिनिटं
मी गाडी सोडत नाही.
तसा नियम नाही.
पण तेवढ्या वेळात ते मागे फिरू शकतं,
आणि फिरलंच, तर कुणीतरी असावं.
मग समुद्रात एक जागा येते,
तिच्यापुढे परतणं हे पोचण्यापेक्षा लांब पडतं.
आमच्या पूर्वजांनी इथल्या दगडादगडाला नाव ठेवलं,
त्या जागेला नाही.
तिथं कुणी होडी थांबवली नसावी.

तीन वाजून दहा मिनिटांनी ती मागे पडली असणार.
मी डब्यातलं थंड रताळं सोलून खाल्लं.

तिकडे घड्याळ दोन तास पुढे.
मी म्हटलं होतं, तुझं आपलं इथलंच राहू दे.
ती म्हणाली, मग डॉक्टरची वेळ चुकेल ना.
बरोबर आहे तिचं.
तरी वाईट वाटलं.

दाखल्यावर जन्मगाव सांतियागो लिहितील.
लिहोत.

काल पाकारातीला विचारलं,
दोन तान्ह्यांच्या वजनानं येतानाचा वेळ वाढतो का?
तो हसला नाही.
चष्मा कपाळावर नेला, वाऱ्याचे आकडे पाहिले,
म्हणाला, जुळी ना? मिनिटभर जास्त धर.

गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला
खडूनं लिहून ठेवलंय:
पाच तास एकतीस.