बारा वाजेपर्यंत

राजीनामा देताना मी सगळ्याचा विचार केला होता,
फक्त दाढेचा नाही.

उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी.
माहीमच्या डॉक्टर रिबेलोंनी तिच्यात
लवंगेच्या वासाचं काहीतरी भरून ठेवलंय.
"हे तात्पुरतं आहे. अजून दोनदा यावं लागेल."
मी मान हलवली.
तोंड उघडं असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

एचआरची हुतोक्षी चांगली बाई.
मरोळच्या ऑफिसात, जिथे अकरा वर्षं मी
बाटल्यांवर लेबलं सरळ लागलीत का ते पाहिलं,
तिने कागदावर पेनाने गोल केला:
एकतीस तारीख, रात्री बारा.
त्यानंतर कार्ड म्हणजे नुसतं प्लास्टिक.
दातांची सवलत बरोबर नेता येत नाही,
लॉकरच्या किल्लीसारखी ती इथेच ठेवून जायची.
"बाकीचं पोर्ट कर. मागची वर्षं धरतील बहुधा,"
आणि त्या 'बहुधा'पाशी ती जरा थांबली.
"आईचं नाव आहे ना यात?"

आहे.
नलिनी वसंत कोरगावकर, वय एकाहत्तर.
इतकी वर्षं आईची साखर
माझ्या नोकरीच्या पाठीमागे बसून होती,
कोणी विचारलं नाही, किती, कधीपासून.
नवा फॉर्म विचारतो.
रकाना नऊ: पूर्वीपासूनचे आजार.

"लिही, गोड कमी खाते."
आई, हे काय स्थळ सांगून आलंय का?

हप्त्याचा आकडा मी दोनदा वाचला.
तिसऱ्यांदा, कोणाचा तरी फोन नंबर असावा तसा.
आई चष्मा पुसत म्हणाली,
"माझं नाव काढून बघ. तुझं एकटीचं किती होतं?"

मी काढून बघितलं.
हे कबूल करायला हवं.
एका टिचकीत आकडा एवढासा झाला, आणि मला,
क्षणभरच, पण झालं खरं,
हलकं वाटलं.

तिने स्क्रीनकडे पाहिलं नाही.
उठून कवळी काढली, वाटीत ठेवली,
वाटीवर बशी.
बोळक्या तोंडाने म्हणाली,
"मला आता दुखायला उरलंय काय?"

अकरा चाळीसला मी तिचं नाव परत टाकलं.
साखर लिहिली, बीपी लिहिलं,
कोविडच्या वर्षी केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा,
डावा डोळा, तारखेसकट.
चाक गोल गोल फिरलं. मग एक नंबर आला,
तो मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत उतरवला.

दाढेचे पैसे त्यात गेले.
डॉक्टरांना उद्या सांगेन,
काय सांगेन ते ठरलं नाही.

आईने अंधारात मसाल्याच्या डब्यातून
लवंग आणून दिली. खालच्या मजल्यावर
कोणीतरी स्कूटर लावत होतं.
बारा वाजून गेले असावेत.
कार्ड पर्समध्येच आहे,
जीभ सारखी तिथेच जाते.