फौंडेशन

न्यूट्रलला टाकली की गियरचा दांडा हलायचा,
बाकावर बसवलेल्या पोराच्या पायासारखा.
आरसा इतका थरथरायचा
की मागून येणारी केएमटी त्यात दोनदा यायची.
सव्वीस वर्षांची मारुती, एवढं चालायचंच,
मी म्हणायचे.
आण्णांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला,
डोळे मिटले.
"फौंडेशन गेलंय. उजवीकडचं."

उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस.
दोन थाऊचा फरक बोटाला कळायचा.
त्यांनी वहीच्या पानावर नग काढून दिला,
भोकांची मापं घालून.
रेघा जरा वाकड्या आल्या होत्या.
पेन बरं नव्हतं बहुतेक.
नेजदारांच्या दुकानात पोऱ्या म्हणाला,
"ताई, मालकांना पाठवा, नग चुकंल."
कागद पुढं केला.
तो गप्प आत गेला आणि बरोबर डबा घेऊन आला.

रविवार. राजारामपुरी, नववी गल्ली.
ऑइल चेंबरखाली जॅक,
मधे मोडक्या पोळपाटाचा तुकडा.
आण्णा स्टुलावर. गुडघे आता खाली जाऊ देत नाहीत.
"उचलू नगंस. वजन घे फकस्त.
इंजिनाला कळलं पायजे, खाली कोणतरी हाय."

चौदाचे तीन बोल्ट.
दोन आले मुकाट्यानं.
तिसरा गंजून गाडीचाच झाला होता.
समोरच्या गॅलरीतून मुनाफ अत्तार ओरडला,
"हातोडा हाणा की!"
आण्णांनी वर बघितलंसुद्धा नाही.
"स्प्रे मार. च्या पिऊन ये.
गंजाला घाई चालत न्हाई."
चहा झाला. पान्याला पाइप लावला.
कडाक.
मला वाटलं तुटला.
सुटला होता.

जुना नग हातात घेतला तर
रबर एकीकडं, लोखंड एकीकडं,
मधल्या चिरेत काळं तेल आणि कुठल्या कुठल्या रस्त्यांची माती.
एवढ्याशा तुकड्यानं
एवढं वर्ष सगळं आपल्या अंगावर घेतलं,
आणि आम्ही टपावरच्या खरवडीला पॉलिश लावत बसलो.

नवा बसवताना भोकासमोर भोक येईना.
नखातल्या चंद्राएवढं कमी.
वाकून, मान आडवी करून बघतेय
तर उजेड भोकावर ठरेचना,
पाइपावर, बेल्टवर, माझ्या मनगटावर,
परत भोकावर, परत नाही.
"आण्णा, बॅटरी नीट धरा की!"
"धरलीया."
शेवटी मी मोबाइल दातांत धरला,
जॅक केसभर उतरवला.
बोल्ट गेला. बोटांनीच, दोन आटे,
मग पाना.

किल्ली फिरवली.
मुनाफनं वरून विचारलं, "बंद पडली व्हय?"
चालू होती.
आरशात पेरूचं झाड एकच होतं.
बाटलीतलं पाणी निवांत.
गियरचा दांडा ताठ उभा, शाळेतल्या मॉनिटरसारखा.
अख्ख्या गाडीत
एकच गोष्ट हलत होती.

दांड्याशेजारी, मांडीवर,
आण्णांचा उजवा हात.
अंगठा बोटांवर घासत होता,
जणू धातूचा कीस तपासतोय.

मी उगाच अॅक्सिलरेटर दाबला.
जरा तरी हलावी गाडी,
आरसा, काच, काहीतरी.
इंजिन गुरगुरलं.
नव्या रबरानं एक कण आत येऊ दिला नाही.

त्यांनी हात मांडीखाली सरकवला.
समोर बघत म्हणाले,
"शंभर किलोमीटर झाल्यावर बोल्ट परत आवळायचं.
नवं रबर दबतंय, मग ढिलं पडतंय."
"आवळतो की," मी म्हणाले.
"आन जुना नग टाकू नगंस."
"न्हाई टाकत."

पहिला गियर लोण्यात गेल्यासारखा गेला.
सायबर चौकापर्यंत
मी डावीकडं बघितलंच नाही.
एका रिक्षावाल्यानं त्यावरून
सणसणीत शिवी दिली.