भिशी

मकरपुऱ्याच्या कारखान्यात
ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला आम्ही सात जण.
फडणीस डोळे मिटून नुसत्या गुणगुणीवरून सांगतो
कुठलं वाइंडिंग ढिलं आहे.
हे लिहायला फॉर्मवर जागा नाही.

फॉर्मवर रकाने आहेत: पुढाकार, चपळता, डिजिटल मानसिकता.
शेवटी आकडा, एक ते चार.
सातांत एकाला तरी चार द्यायचाच,
असं वरून ठरलेलं. वर म्हणजे कुठे,
ते पंड्यासाहेबांनाही ठाऊक नव्हतं.
आलेख घंटेसारखा दिसला पाहिजे म्हणे.
मार्च संपताना ते चष्मा पुसत यायचे:
'एक नाव आपो, भाई. मला रात्री झोप लागेल असं.'

म्हणून आम्ही भिशी सुरू केली.
बायका चालवतात तशीच,
फक्त आमच्यात लागेल त्याचं जायचं.
घाटगेच्या डब्याचं झाकण.
ज्याने त्याने आपलं नाव लिहून चार घड्या घालायच्या,
कँटीनच्या हसमुखने हात पुसून एक उचलायची.
ज्याचं नाव निघेल तो त्या वर्षी चार.
पगारवाढ नाही, बोनसला कात्री,
आणि उरलेल्यांकडून शनिवारी सेव-उसळ,
जादा तर्री, दोन पाव जास्तीचे.

अकरा वर्षं चाललं हे.
शिर्केच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा त्याची चिठ्ठी टाकली नाही,
मकवाणाच्या बायपासच्या वर्षी त्याची.
मला दोनदा लागली.
दुसऱ्यांदा बायकोला म्हटलं, मंदी आहे.
बारोटला कधीच लागली नाही, त्याचंच त्याला ओझं;
दर दिवाळीत घरोघर लीलो चेवडा पोचवायचा बिचारा.

यंदा पंड्यासाहेब नाहीत.
त्यांच्या जागी पडद्यावर एक मुलगी येते, ईशानी.
सुई टोचण्याआधी नर्स बोलते तशी मऊ बोलते.
'चार म्हणजे आता नुसतं चार नाही, सर.
चार म्हणजे दोन महिन्यांचा पगार, आणि नवी सुरुवात.
एकमेकांबद्दल मोकळेपणाने लिहा. गुरुवारपर्यंत.'
घाटगेला अठ्ठावन्न पूर्ण झालीत.
त्याने विचारलं, 'कसली सुरुवात?'
त्याचा माइक बंद होता.

बुधवारी झाकण आलं. कोणी मागितलं नव्हतं.
लिहिताना प्रत्येकाने हाताचा आडोसा धरला,
दहावीच्या पेपराला धरायचो तसा.
सात चिठ्ठ्या पडल्या.
हसमुखने हात पुसले, पुन्हा पुसले,
आमच्या तोंडांकडे पाहिलं
आणि 'दूध उतू जातंय' म्हणत आत गेला.
दूध सकाळीच संपलं होतं.

झाकणाला कोणी हात लावेना.
जेवणाची वेळ संपल्याचा भोंगा झाला
तेव्हा मी चिठ्ठ्या रुमालात बांधल्या.
कोणी विचारलं नाही, कशाला.

संध्याकाळी बस विश्वामित्रीच्या पुलावर अडकली.
खाली गाळावर मगर पडलेली, नेहमीची, जबडा उघडा टाकून.
कठड्याशी दोन शाळकरी पोरं वाद घालत होती
जिवंत आहे की मेलेली.
मी रुमाल सोडला.

कोरी.
कोरी.
ही पण कोरी.
चौथीवर घाटगेचं ठसठशीत अक्षर:
यशवंत बाळाजी घाटगे,
दर वर्षीसारखं, बापाच्या नावासकट,
खाली तारीखसुद्धा.
मग कोरी. आणखी एक कोरी.
सातवी माझी होती, घडीवरून ओळखली.
ती न उघडताच खिडकीतून पाण्यात टाकली.

घाटगेचीही टाकणार होतो,
तेवढ्यात बस सुटली.

ती खिशात आहे.
उद्या गुरुवार.