रकाना सातवा

“संशोधन-साहाय्य व ग्रंथालय-शिक्षण यांत
वर्षभरात केलेली सुधारणा. शब्दमर्यादा पन्नास.”

कुलसचिव महोदय,
पन्नास शब्दांत झोंबाची गेलेली वीजसुद्धा परत येत नाही.
तरी लिहिते.

सुधारणा एक. टेबल हलवलं.
आधी ते काचेमागे होतं, वर पाटी : चौकशी.
चौकशी म्हटलं की पोरांना पोलीस आठवतो.
सगळ्यांत जास्त लोक आले
ते शौचालय कुठंय, हे विचारायला.
(तशी नोंद आहे. तीही संदर्भसेवाच.)

मार्चमध्ये मी आणि बाम्बो नामवेरा, आमचे शिपाई,
दोघांनी ते जिन्याखाली आणलं,
जिथं मुलं मेलेले फोन मांडीवर घेऊन
विजेची वाट बघत बसतात.
पाटी पुठ्ठ्याची होती.
घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सारली.
तेव्हापासून डुगडुगत नाही.

सुधारणा दोन, असं लिहिलं होतं. खोडते.
ती सुधारणा नाही, ती झायनाबु आहे,
चिल्वा सरोवराकाठची, कचुलूची, तिसऱ्या वर्षाची.
तिनं शोधाच्या चौकटीत लिहिलं : मासे कमी होणे.
चाळीस लाख निकाल.
म्हणाली, मायी, एवढे तर मासेही नव्हते कधी.

पहिले सहा लेख उघडले. सहाही दारांना कुलूप.
एकेका कुलपाची किंमत
तिच्या महिन्याच्या जेवणाएवढी.

दर वर्षी मी वर्गात शिकवते : आणि, किंवा, वगळून.
पडद्यावर एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं
आणि ऐंशी मुलं, अदबीनं झोपलेली.
त्या दिवशी वर्तुळं काढली नाहीत.
विचारलं, कुठला मासा?
मातेम्बा.
कुठल्या साली? मोजला कुणी? कशानं?

ती बराच वेळ गप्प.
मग : आईनं. बादलीनं.
एक बादली विकली की वहीत एक उभी रेघ.
कुठली वही?
छपराच्या गवतात खोचलेल्या आहेत पाच.

एकोणीस वर्षं या खुर्चीत काढली, महोदय.
उत्तर शोधायला पळायच्या आधी
प्रश्नालाही बसायला पाट द्यावा, पाणी विचारावं,
हे मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

वह्या आल्या. सुकटीचा वास तळमजल्यापर्यंत.
बाम्बो नामवेरा वास घेतच खाली गेले
आणि ‘विविध’ लिहिलेल्या खोक्यातून
मत्स्यखात्याच्या जुन्या नोंदी घेऊन वर आले,
ज्यांना मी आजवर क्रमांक दिला नव्हता.

दोन्ही शेजारी ठेवलं. जुळेना.
सरोवर आटलं त्या वर्षी
खात्याचा आकडा निम्म्यावर,
आईच्या रेघा पाचातला एक भाग.
कुणीतरी खोटं बोलतंय, झायनाबु म्हणाली,
आणि तिचा चेहरा असा झाला
की खोटं बोलणारं सरकारच निघावं.

आईला फोन कर, मी म्हटलं.
जिन्याखाली रेंज येत नाही, ती बाहेर उन्हात गेली.
काचेतून मला फक्त तिचा हात दिसत होता,
हवेत बादलीचा आकार काढणारा. लहान. मग मोठा.

जुनी गळत होती. त्या वर्षी मोठी घेतली.
आई हसली म्हणे :
एवढं विचारायला विद्यापीठात जावं लागतं होय?

रकान्यात बसत नाही, कल्पना आहे.
लाभार्थी संख्या : एक. आईला धरलं तर दोन.
वजाबाकीही लिहिते. जुलैत एका मुलाला
घाईत चुकीचा खंड दिला.
तो आभार मानून गेला, परत आला नाही.
मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.

मागणी : नवी संगणकप्रणाली दिलीत तर नाही म्हणणार नाही.
पण त्याआधी एक खुर्ची.
सध्या विचारणारा उभा असतो,
आणि उभा माणूस
प्रश्न आवरता घेतो.