रुंद टाका

तुमासनं शनिवारी मावशीचा संगणक पार पुसला,
नवी सिस्टिम घातली, आणि रविवारी पहाटे
बोटीवर चढला, तीन आठवडे मासेमारीला.
सोमवारी सोलरूनचा मला फोन:
"माझ्या मेंढ्या जाड झाल्यात."

तोर्शव्हनहून समुद्राखालच्या बोगद्यातनं
सान्दोयला पोचलो तर वारा असा
की गाडीचं दार उघडायला दोन हात लागले
आणि लावायला एकही नाही.

आत ओल्या लोकरीचा वास, उकळून काळी झालेली कॉफी,
आणि खिडकीपाशी तो पडदा.
सगळंच बसकं. अक्षरांची पोटं सुटलेली,
कचऱ्याच्या टोपलीचं घमेलं झालेलं,
माऊसचा बाण चालताना
मागे स्वतःचे तुकडे विसरत जाणारा.
मधोमध तिचा नमुना: चौकटींत काळे-करडे ठिपके,
ठिपक्यांच्या मेंढ्या, एकीमागे एक.
चाळीस वर्षं ती असे स्वेटर आखतेय,
आधी वहीत, मग इथे.
गावातल्या निम्म्या पाठी तिच्या मोजमापातल्या.

"काही नाही," मी म्हणालो, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेलाय.
नव्या सिस्टिमला अजून ठाऊक नाही
पुढ्यात कुठली काच ठेवलीय.
ओळख होईपर्यंत ती सगळ्यांशी
आठशे बाय सहाशेतच बोलते."
"नवा पाद्री आला तेव्हा तोही तसाच बोलायचा," सोलरून म्हणाली.
"वर्षभर."

ड्रायव्हर उतरायला लागला.
चार टक्के. चार टक्के. नऊ.
पहिला परक्याचा निघाला, पडदा जांभळा पडला.
दुसऱ्यानं थरथर आणली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी.
सेफ मोडमध्ये शिरून दोन्ही उपटले
आणि डब्याच्या मागचा नंबर वाचायला
टेबलाखाली आडवा झालो, तोंडात टॉर्च धरून.
तिथून तिचे मोजे दिसत होते, उजव्या अंगठ्याशी रफू केलेले.
वर सुया चालूच होत्या.
सुलट, सुलट, उलट, सुलट.

तिसरा बसला.
काळोख, मग एकदम उजेड:
चौकटी चौकोनी, मेंढ्या शेलाट्या,
आणि मधे एक लहानशी विचारणा,
हे असंच ठेवायचं का?
पंधरा सेकंदांत बोलला नाहीत
तर होतं तसं करते.

माझं बोट बटणावर.
"थांब," ती म्हणाली.
अकरा.
"वाया जाईल," मी म्हणालो.
"जाऊ दे."
सात. सहा.
माझ्या तीन तासांच्या मेहनतीकडे
आम्ही दोघं गप्प बघत राहिलो.

पडदा पुन्हा पसरला.
सोलरूननं चाक फिरवून नमुना लोकरीएवढा केला,
मांडीवरचं विणकाम उचललं आणि काचेला टेकवलं.
मेंढीवर मेंढी बसली. शेपटाकडे एखादा टाका सरकली,
पण बसली.

"टाका चौकोनी नसतोच," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.
"उंचीला कमी, रुंदीला जास्त.
मी आपली कागदावर घोड्यासारखी मेंढी काढते,
अंगावर गेली की ती खाली बसते,
आणि तो फरक मी डोक्यात सांभाळते.
आज पहिल्यांदा तो बाहेर बघितला."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं,
म्हणून मी कॉफी प्यायलो. थंड होती.

मग रिझोल्यूशन खरं केलं, कारण पत्रं तर वाचायला हवीत.
पंधरातली बारा सेकंदं असताना हो म्हटलं.
फक्त तिच्या नमुन्यातली प्रत्येक चौकट
हातानं रुंद करून दिली, चारास पाच.
बिलावर बिघाडाच्या रकान्यात काय लिहावं
ते मात्र सुचेना. रकाना कोराच ठेवला.

निघताना तिनं दार दोन्ही हातांनी धरलं.
वाऱ्यात ओरडून म्हणाली,
"तुमासला सांगू नकोस हं,
आला की लगेच नीट करून टाकेल."