साल

सात रस्त्याच्या कोपऱ्यावरचा मुनाफ मला ओळखतो
दाणे न मागणारी बाई म्हणून.
रस काढून झाला की पोत्यात भरून ठेवतो साली,
"मॅडम, आज भगवाच सगळा, गणेश आलाच नाही."
वजन करत नाही, पैसे घेत नाही.
एकदाच विचारलं त्यानं, ह्याचं करता काय?
म्हटलं, आधी वाळवते.
तो हसला. सोलापुरात वाळवायला
शास्त्रज्ञ कशाला लागतोय!

लागतो, मुनाफभाई. सावलीत वाळवायला लागतो.
मला हवं असतं नेमकं तेच ऊन खाऊन टाकतं.
बेचाळीस अंशांच्या गावात
गच्चीवर सावली कुठे कुठे सरकते
हा माझा पहिला प्रयोग,
प्रबंधात तो कुठेच नाही.

मग दळण, चाळण, मग मद्यार्क.
काचेच्या नळीत वाफ चढते, थंडावते,
थेंब होऊन सालीवर पडते, पुन्हा चढते,
अठरा तास.
पाणी आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं,
म्हणून नळीला थंड ठेवणारं पाणी
मी बादलीत धरते, तेच परत फिरवते.
परदेशातल्या परीक्षकानं विचारलं होतं,
तापमान थोडं वर-खाली का?
काय लिहिणार. लिहिलं, स्थानिक परिस्थिती.

घरी ती दानिम्मा.
शाळेत डाळिंब झाली,
निबंधात प्युनिका ग्रॅनॅटम.
तीन नावांचं एक फळ
आणि त्यातलं जे कुणी खात नाही
त्याची मी पगारी नोकर.
सहा सालं गेली सालींत.

नान्ना रंगखान्यात होते, चादरींचं सूत रंगवायचे.
निवृत्त होऊन दहा वर्षं झाली
तरी नखांच्या कडांना निळं आहे.
एकदा डबा द्यायला प्रयोगशाळेत आले,
माझा अर्क पाहिला,
खिशातून सुताचा तुकडा काढून बुडवला न विचारता.
दुसऱ्या दिवशी धुऊन आणला, पिवळसर, मातकट.
"पक्का आहे," म्हणाले.
मग जरा थांबून,
"अंगात गेल्यावरही असाच धरतो का गं?"

माझ्या तोंडी परीक्षेत
इतका नीट प्रश्न कुणी विचारला नव्हता.

नाही, नान्ना.
परीक्षानळीत जांभळ्याचं पिवळं होतं झटक्यात,
टाळ्या तिथेच वाजतात.
पोटात तो रेणू तुटतो.
आतड्यातले जिवाणू त्याचं दुसरंच काही विणतात,
आणि तेही प्रत्येकाच्या आतड्यात नाही.
कुणाच्या मागावर सूत चढतं,
कुणाच्या नाही.
ते मान हलवत राहिले. माग त्यांना कळतो.

जुळे सोलापुरातले एक गृहस्थ
डबा छापूनच आले होते: साखर मुळापासून.
खाली माझ्या सहीपुरती मोकळी जागा.
मी लिहून दिलं,
नर उंदीर. आठ आठवडे. साखर थोडी उतरली.
माणसांत माहीत नाही.
ते फार सभ्यपणे म्हणाले,
"मॅडम, उंदीर हा शब्द डब्यावर बरा दिसत नाही."

रात्री जेवताना हे सांगितलं.
नान्ना खूप हसले, ठसका लागेपर्यंत.
अम्मा हसली नाही.
तेंदूची पानं कापता कापता, कात्री न थांबवता,
"मग मी घेऊ का?"
तिची साखर दोनशे चाळीस.
म्हटलं, गोळ्या घे वेळेवर. हे नको.
"का?"
कारण मला माहीत नाही, अम्मा.
इतकी शिकून? असं ती म्हणाली नाही.
कात्री तेवढी
एका पानावर जरा जास्त वेळ राहिली.

सकाळी गच्चीवर गेले
तर पत्र्याशेजारी स्टीलची ताटली,
तिच्यात दोन डाळिंबांच्या साली, हातानं तोडलेल्या,
भर उन्हात.
पोट बिघडलं की ती उकळून पिते,
माझ्या जन्माच्या आधीपासून.
आज पोट बिघडलंय का,
विचारलं नाही मी.

खाली तिच्या सुपाचा आवाज येत होता.
ताटली हाताला चटका देण्याइतकी तापलेली.
पदरानं धरली
आणि टाकीमागच्या सावलीत सरकवली.