गळा साडेचौदा

वहीत दोघे एकाच पानावर आहेत.
इनास: छाती छत्तीस, गळा साडेचौदा.
लिगोर: छाती बेचाळीस, गळा सोळा.
तारीख नाही. नुसतं 'फेस्ताआधी' लिहिलंय,
म्हणजे घाई होती.

केप्यात माझं दुकान तेव्हा नवं,
पाटीचा रंग ओला.
दोघे आले ते एक कॅसेट घेऊन,
लिगोरच्या बोटीवरच्या मामाने
सांतोसच्या बंदरातून आणलेली.
वेष्टनावर ब्राझीलचे दोन गडी,
एकसारखे शर्ट, खांद्यावरून झालरी,
मागे लाल माती, थेट आमच्या रिवणची म्हणावी अशी.

"असलेच दोन शिव."
"भाऊ आहेत का रे हे?"
"कुणाला ठाऊक. शर्टांवरून तरी वाटतात."

पोर्तुगीज दोघांनाही येत नव्हतं.
रिटायर पोस्टमास्तर फोंसेकांनी
दोन्ही बाजू ऐकल्या, चष्मा पुसला, म्हणाले,
बैल आहेत, रस्ता आहे,
आणि कोणीतरी परत आलेलं नाही.
बाराही गाण्यांत एवढंच.
"मग आपलीच की," इनास म्हणाला.

वरचा आवाज इनासचा, खालचा लिगोरचा.
मला गाण्यातलं कळत नाही, अस्तरातलं कळतं:
कुणी बघत नाही त्याच्याकडे,
पण कोट उभा राहतो तो त्याच्या जिवावर.

मग लग्नांत रोसाचे मांडव, कुडचडें, सावर्डें,
मडगावचा हॉल, पणजीचं रेडिओ स्टेशन,
एकदा तर बहारीन.
मी एकोणीस जोड्या शिवल्या.
लोक त्यांना सख्खे भाऊ समजत.
एक बार्रेतो, एक कुलासो,
चेहऱ्यात दुरूनही साम्य नाही.
भाऊपण होतं ते माझ्या थानाचं:
दोन्ही शर्ट एकाच थानातून कापायचे,
हा माझा नेम.

एकदाच मोडला.
जांभळं कापड कमी पडलं,
लिगोरच्या पाठीला दुसरं लावलं, जरा फिकं.
"पाठ कोण बघतो," तो म्हणाला.
त्या रात्री फातोर्ड्याला
अडीच तास दोघांनी प्रेक्षकांकडे पाठ केली नाही,
पाणी प्यायलासुद्धा वळले नाहीत.
दुसऱ्या दिवशी पेपरात आलं,
'रसिकांना कधी पाठ न दाखवणारी जोडी.'
मग तीच त्यांची रीत झाली.
हसू येतं अजून.

इनासने पासपोर्ट केला त्या वर्षी
त्याची धाकटी दहावीला होती.
भांडण झालं नाही.
झालं असतं तर बरं, लिगोर म्हणाला एकदा.
स्विंडनला गोदामात असतो तो,
रात्रपाळी, खोकी उचलायची.

लिगोर एकटाच आला यंदा.
"दोन शिव. एकाच थानातले."
"इनासचं माप?"
"आहे की वहीत."
"थंडीच्या मुलखात माणूस सुटतो रे."
त्याने बोटाने काउंटरवरचा खडू पुसला.
"मग माया जास्त सोड."

सोडली. दोन्ही कुशींना इंच इंच.

फेस्ताला तो एकटा उभा राहिला, नवा शर्ट घालून,
आणि त्याने फक्त खालचा आवाज गायला.
वरचा घेतलाच नाही. जागा तशीच मोकळी.
पुढे बसलेली पोरं म्हणाली, हा काका बेसूर आहे.
मागे, चण्यांच्या गाड्याजवळ, आम्ही जुने लोक
गप्प होतो. आम्हाला दोन्ही ऐकू येत होते.

महिन्याने इनासचा फोन आला, दुकानावर.
तिकडे पहाट असावी.
शर्ट झकास बसला म्हणाला,
खांदे बरोबर, बाही बरोबर.
फक्त गळा.
वरचं बटण लागत नाही.
"उसवून थोडा वाढवता येईल का इथे कुणाकडून?"

मी पान उघडून बसलो होतो.
साडेचौदा.
खांद्यात सोडता येते, कुशीत सोडता येते,
गळ्याला कुणी माया सोडत नाही, बाबा,
तो जेवढ्यास तेवढाच कापतात.
एवढं सगळं फोनवर कुठे सांगायचं.

"उघडंच ठेव ते बटण," म्हटलं.
"तसंही तुला तिथे..."
आणि पुढचं बोललो नाही.